वयाच्या माथी खापर फोडणे पुरे!

लग्नाघरचा स्वयंपाक एकहाती उरकणारी बाई एके दिवशी शेगडीपुढे उभी राहते आणि आधी फोडणी की आधी डाळ, हेच तिला उमगत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. तिची चाल मंदावते, पै-पैचा हिशेब ठेवणारीला सुट्टे पैसे मोजता येईनात. घरचे पुन्हा म्हणतात, वय झालं! साफ खोटे आहे हे. आपल्या सोयीसाठी आम्ही ते पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. वयावर ढकलले की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. ना मुलाला, ना सरकारला.

अनेकदा खरे कारण वेगळेच असते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद होतात, तुंबतात, फुटतात. मेंदूचा एकेक कोपरा रक्तावाचून मरतो आणि बुद्धी बहुधा पायरीपायरीने उतरत जाते. डॉक्टर याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोके, बैठे जगणे ही त्यामागची मोठी कारणे, आणि या प्रत्येकावर इलाज आहे. अमेरिकेतील स्प्रिंट माइंड चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. मग हा दैवाचा खेळ कसा?

आणि आम्ही काय करतो? पहिले पाकीट संपले की दाबाची गोळी बंद. का, तर 'आता बरं वाटतंय', 'गोळीची सवय लागते'! अहो, वाढलेला दाब बहुतेकदा जाणवतच नाही, म्हणून तर तो घात करतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तरी 'वारं गेलं' म्हणत तेल चोळणाऱ्याचे दार गाठायचे. हा पक्षाघात असतो, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते तास मालिशीत जातात आणि माणूस जन्माचा अधू होतो.

सर्वांत घोर अन्याय बाईवर होतो. गरोदरपणी तपासणीला गेली की तिच्या दंडाला दाब मोजायचा पट्टा बांधतात. मूल झाले की तो पट्टा तिच्या आयुष्यातून नाहीसा होतो. सासऱ्यांची गोळी, नवऱ्याची गोळी ती न चुकता हातावर ठेवते, मात्र तिचा स्वतःचा दाब किती, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. पहाटे उठून ती मिशरी लावते. ती भाजलेली तंबाखूच, पण तिला व्यसन म्हणायची कोणाची तयारी नाही. पुरुषांची गुटख्याची पुडी २०१२ च्या बंदीनंतरही टपरीवर मिळतेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते; आमच्या ताटात लोणचे, पापड, फरसाण, वर चवीपुरते म्हणून आणखी मीठ.

सरकारला वाट ठाऊक नाही असेही नाही. राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीलाच सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक औषधे, महिन्याचा साठा एकदम हातात, आणि जो परत आला नाही त्याचा शोध, अशी ही साधी पद्धत. ती वाडीवस्तीवर पोचलीच पाहिजे! पट्टा फाटलेला, यंत्रातले सेल संपलेले, गोळ्या 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून नाकारलेल्या, असे उपकेंद्र एकही असता कामा नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी सरकारी कागदावर आहे. ती दंडावर झाली का, हे ग्रामसभेने नावानिशी विचारावे.

आणि कर्त्या पुरुषांनो, उद्या सकाळी आईला आणि बायकोला घेऊन दवाखान्यात जा. दाब मोजा, साखर तपासा, नाडी अनियमित लागते का तेही डॉक्टरांना पाहायला सांगा. दाब १४०/९० च्या वर निघाला तर पुन्हा जाऊन मोजा, आणि गोळी सुरू झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही चुकू देऊ नका.