पगाराला कात्री, दारात गाडी

रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे होस्टेलचं सनातन सत्य. अशाच एका रविवारी आम्ही रूमवर मॅगी करत होतो (वॉर्डन मॅडम, हे वाक्य कृपया वाचू नका) आणि लेस्टरहून मावशीचा फोन आला. माझी मावशी इंग्लंडमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नर्स आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अगं, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग बघू, कुठली इलेक्ट्रिक गाडी घेऊ? मोठी हवी. काकांचे आईबाबा उन्हाळ्यात सहा महिने येणारेत, म्हणजे आम्ही सहा जण."

आता माझी पात्रता काय, तर दहावीनंतर मिळालेली स्कूटी आणि मशीन्सच्या पेपरात कसेबसे ५२ मार्क. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इंजिनीअर म्हणून सल्ला मागत होतं! दोन दिवस प्रॅक्टिकल्स बुडवून मी एक्सेल शीट केली. बॅटरी किती, रेंज किती, डिकी किती. त्या शीटचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी ती स्कीम समजून घ्या, कारण खरी गंमत तिथेच आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. आईने तपासलंय, तरी चुका पदरात घ्या.)

तिकडे या प्रकाराला सॅलरी सॅक्रिफाइस म्हणतात. सॅक्रिफाइस म्हणजे त्याग. ऐकायला फारच पौराणिक वाटतं, पण फंडा सोपा आहे. गाडी तुम्ही विकत घेत नाही. तुमचा मालक ती लीजवर घेतो, साधारण दोन ते चार वर्षांसाठी, आणि तेवढे पैसे तुमच्या पगारातून कापतो. हे कापणं इन्कम टॅक्स लागायच्या आधी होतं, म्हणून त्या रकमेवर ना टॅक्स, ना नॅशनल इन्शुरन्स. विमा, सर्व्हिसिंग, टायर हे सगळं बहुतेक वेळा त्याच हप्त्यात. मुदत संपली की गाडी परत. आपली म्हणून उरतं काय, तर फोटो.

मग सरकार काय बघत बसतं का? नाही. मालकाने दिलेली गाडी ही सवलत धरून तिच्यावर वेगळा टॅक्स आहे. गाडीच्या छापील किमतीचे काही टक्के हे तुमचं उत्पन्न मानतात. पेट्रोलच्या धूर ओकणाऱ्या मोठ्या गाडीला हे टक्के ३७ पर्यंत जातात. इलेक्ट्रिकला २०२०-२१ मध्ये शून्य होते, मग १, मग तीन वर्षं २. २०२५-२६ मध्ये ३, २०२६-२७ मध्ये ४, २०२७-२८ मध्ये ५ आणि २०२९-३० मध्ये ९, असा जिना आधीच जाहीर झालाय. ३७ कुठे आणि ४ कुठे! तिकडच्या नोकरदारांच्या दारात इलेक्ट्रिक गाड्या दिसायला लागल्या, त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे. पर्यावरणाचं प्रेम थोडं असेलही.

आता माझं म्हणणं. ५० हजार पौंडांची एक गाडी घ्या, हप्ता पगारातून महिना ६०० पौंड, वर्ष २०२६-२७. एकाच हॉस्पिटलमधल्या चार माणसांनी ती मागितली असं समजा, आणि पेन्शन तूर्त बाजूला ठेवा. माझ्या मावशीसारख्या नर्सला २० टक्के इन्कम टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो. ६०० चे राहिले ४३२. त्यावर गाडीचा टॅक्स महिना सुमारे ३३ पौंड. म्हणजे खिशातून ४६५. तिच्या वरच्या मॅनेजरचा टॅक्स ४० टक्के, इन्शुरन्स २ टक्के. त्याचे ३४८ अधिक ६७, म्हणजे ४१५. आणि ज्या मोठ्या डॉक्टरांचा पगार एक लाख पौंडांच्या थोडा वर गेलाय, त्यांची तर ऐश. एक लाखाच्या वर दर दोन पौंडांमागे एक पौंडाची करमाफी काढून घेतली जाते, म्हणून त्या पट्ट्यात टॅक्स प्रत्यक्षात ६० टक्के पडतो. त्यामुळे त्यांना तीच गाडी पडते सुमारे ३२८ पौंडांना.

चौथा माणूस म्हणजे वॉर्ड झाडणारा. त्याला गाडी मिळतच नाही. पगार कापून किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही असा कायदा आहे (एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड), आणि त्याचा पगार तिथेच टेकलेला. कायदा त्याच्या भल्यासाठीच आहे, मान्य. पण निकाल बघा ना. ज्याला सगळ्यात जास्त परवडतं त्याला गाडी सगळ्यात स्वस्त, आणि ज्याला परवडत नाही त्याला "सॉरी". यात कुणी चोरी करत नाही, सगळे नियमानेच चालतात. म्हणूनच मला ते जास्त लागतं.

हा चौथा माणूस मी कल्पनेतून आणलेला नाही. आमचे काका एका गोदामात कामाला आहेत. त्यांनी आधी स्वतःच्या नोकरीत विचारलं होतं, आणि त्यांना हेच उत्तर मिळालं. म्हणून तर गाडी मावशीच्या पगारातून. एका घरात राहणारी, एकाच गाडीत बसणारी दोन माणसं, एक पात्र आणि एक अपात्र. काका त्याबद्दल काही बोलले नाहीत. फक्त गाडी जरा मोठीच बघू या, असं म्हणायला लागले.

त्यांच्या मनात होती किआ ईव्ही नाइन. सात सीट, जवळजवळ १०० युनिटची बॅटरी, ८०० व्होल्टची सिस्टिम. चांगला चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के व्हायला २४ मिनिटं लागतात असा कंपनीचा दावा. किंमत ६५ हजार पौंडांच्या आसपास. इंजिनीअर म्हणून मला ती गाडी आवडते, खोटं का बोलू? पण ती अडीच टनांची आहे. सहा माणसांचं वजन धरा ४०० किलो. म्हणजे बॅटरी मुख्यतः स्वतःला आणि पत्र्याला ओढत असते आणि माणसं जाता जाता बसतात. माझ्या शीटमध्ये दुसरी होती प्युजो ई-५००८, तीही सात सीटची पण २० सेंटिमीटरहून जास्त आखूड. तिसरी स्कोडा एन्याक, पाच सीटची, ५८५ लिटरची डिकी.

स्कीमची खोच इथे दिसते. ६५ हजारांची गाडी आणि ४५ हजारांची गाडी यांच्या त्या ४ टक्क्यांवरच्या टॅक्समधला फरक मावशीला वर्षाला फक्त १६० पौंड पडतो. हप्ता वाढतो तोही "टॅक्स वाचून" वाढतो. मग माणूस म्हणतो, एवढ्यात एवढी मोठी येत असेल तर लहान का घ्या? आपल्याकडे साडीच्या सेलमध्ये होतं तसंच. नको असलेली तिसरी साडी घेतल्यावर किती पैसे वाचले ते आपण सांगतो.

असो. तर माझी शीट तयार झाली, रंगवून झाली, मावशीला पाठवली. मावशीने कौतुक केलं आणि म्हणाली, "छान गं. पण आमच्या घराला पार्किंग कुठंय? आम्ही रस्त्यावरच लावतो की."

माझी अक्षरशः वाट लागली. पहिला प्रश्न विचारायचाच राहिला होता! लेस्टरला जुन्या रांगेतल्या घरांचे रस्तेच्या रस्ते आहेत. दार उघडलं की फुटपाथ, फुटपाथला लागून गाड्या. घरातून केबल टाकायची तर फुटपाथवरून, आणि त्यावर कुणी आजीबाई अडखळून पडल्या तर?

मी पुन्हा हिशोब मांडला, या वेळी वहीत. वर्षाला १० हजार मैल, एका युनिटला ३ मैल धरले तर सुमारे ३,३३० युनिटं. स्वतःच्या दारात सात किलोवॅटचा चार्जर असेल (सिंगल फेजवर ३२ अँपिअर, आपल्या गीझरच्या तीन-चार पट) आणि रात्रीचा खास दर असेल, तर युनिट १० पेन्सच्या खाली पडतं. ९ पेन्स धरा, वर्षाचे झाले ३०० पौंड. तीच गाडी रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर ७५ पेन्सने भरली तर २,५०० पौंड. फरक २,२०० पौंडांचा, आणि टॅक्सने वाचवलेले होते वर्षाला १,६२०! शिवाय घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि रस्त्यावरच्या चार्जरवर २०. म्हणजे ज्याचं स्वतःचं अंगण आहे त्याला वीजही स्वस्त आणि टॅक्सही कमी. ही स्कीम ज्याने आखली त्याच्या घराला नक्की अंगण असणार, असं माझं वैयक्तिक मत आहे.

भरीला, २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या बजेटमध्ये तिकडे जाहीर झालं की एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाडीला मैलामागे ३ पेन्स द्यावे लागणार. १० हजार मैलांचे ३०० पौंड. आज तीन वर्षांचा करार केला तर तोही त्यात येतो.

आणि पेन्शन, जी मी वर बाजूला ठेवली होती. मावशीची पेन्शन २०१५ च्या स्कीमची. दरवर्षीच्या पगाराचा चोपन्नावा भाग त्या वर्षाची पेन्शन म्हणून जमा होतो. पगारातून वर्षाला ७,२०० पौंड कापले की पेन्शनचा पगारही तेवढा घटतो. भागाकार करा, १३३. तीन वर्षांचे ४०० पौंड. एकदाच जाणारे नव्हेत, म्हातारपणी दर वर्षी जाणारे, आणि महागाईबरोबर वाढले असते ते वेगळंच. पेन्शनचा हप्ताही कमी कापला जातो, त्यामुळे आज हातात थोडे जास्त पैसे दिसतात आणि माणूस खूश होतो. गाडी तीन वर्षांनी परत जाणार, ही चारशेची खाच मात्र राहणार.

माझी रूममेट कॉम्प्युटरची आहे आणि प्रत्येक गोष्टीला विरोध करायचा असा तिचा नियम आहे. ती म्हणाली, "तुझ्या मावशीने वीस वर्षं नाइट शिफ्ट केल्यात. तीन वर्षं चांगल्या गाडीत बसली तर तुझ्या पोटात का दुखतं? आणि या लीजच्या गाड्याच तीन वर्षांनी सेकंडहँड बाजारात येतात, तेव्हा तुझ्या काकांसारख्यांना त्या स्वस्तात मिळतातच की." दुसरा मुद्दा खरा आहे. इलेक्ट्रिक गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत धाडकन उतरते, त्यामुळे दुसऱ्या मालकाचा फायदा होतो. पण सरकारला मदतच करायची असेल तर ती गाडीला करावी, घेणाऱ्याच्या टॅक्सच्या पट्टीला का? प्रत्येक लहान गाडीला सारखी रक्कम द्या, अडीच टनांच्या गाडीला कमी द्या, आणि रस्त्यावर राहणाऱ्याच्या विजेवरचा व्हॅट ५ टक्क्यांवर आणा. यात रॉकेट सायन्स नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी गप्प बसले. तिचं उत्तर एक्सेलमध्ये नाही.

तुम्ही म्हणाल, लेस्टरच्या गाडीचं आम्हाला काय? अहो, फायनल इयरच्या सीनियर्सची ऑफर लेटर्स बघा. सीटीसीच्या फोडणीत "कार लीज" ही ओळ काहींच्या पत्रात आहे. आपल्याकडेही अशा गाडीचा करपात्र भाग वर्षानुवर्षे इंजिन १.६ लिटरपेक्षा लहान की मोठं यावरच ठरत आला. इलेक्ट्रिक गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि महिंद्राने २०२५ मध्ये सात सीटची एक्सईव्ही नाइन एस आणलीय. म्हणजे हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणार. तेव्हा पुण्याच्या सोसायटीत तुमच्या नावाचं पार्किंग आहे का आणि तिथपर्यंत मीटरची वायर येते का, हे गाडीचा रंग ठरवायच्या आधी बघा. आणि लीज चालू असताना नोकरी सुटली तर काय, हे एचआरला लेखी विचारा.

मावशीला मी शेवटी काय सांगितलं? आधी कौन्सिलकडे अर्ज कर. काही ठिकाणी फुटपाथला बारीक चर पाडून, वर झाकण टाकून, केबल न्यायची परवानगी देतात. ती मिळाली तर पाच सीटची गाडी घे. सासू-सासरे आले की जे चार-पाच वीकेंड सगळे मिळून फिराल, तेव्हा सात सीटची भाड्याने आणा. परवानगी नाही मिळाली तर सध्याची डिझेल गाडी अजून दोन वर्षं चालवा. मावशी म्हणाली, "काकांना तूच सांग."

सांगायची वेळच आली नाही. काका शनिवारी ईव्ही नाइनची टेस्ट ड्राइव्ह घेऊन मावशीची शिफ्ट सुटायच्या वेळी हॉस्पिटलला सरप्राइज द्यायला गेले. तिकडे पार्किंगची नेहमीची चौकट ४.८ मीटरची, आणि गाडी पाच मीटरच्या वर. मावशीने फोटो पाठवलाय. गाडी चकचकीत, एक वीतभर नाक पांढऱ्या रेषेच्या बाहेर, आणि काका त्या नाकासमोर असे उभे की रेषा फोटोत दिसू नये.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल