नवा सांधा, जुनें हाड

आमवातानें निकामी झालेला गुडघा अथवा खुबा पुण्यास जाऊन बदलून घेण्याचा प्रघात शिरूर-दौंडकडील घरांतूनही आतां रूढ झाला आहे. हा रोग कांहीं दुर्मिळ नव्हे. दौंडच्या पुढें लोहमार्गावर भिगवण लागतें; तेथें डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं घरोघर पाहणी केली, तींत दर २०० प्रौढांमागें सुमारें एकास आमवात आढळला.

शस्त्रक्रियेनें वेदना थांबतात आणि घरच्यांस वाटतें, रोग गेला. परंतु बदलतो तो सांधा. ज्या हाडांत तो बसवितात तें जुनेंच राहतें. तें आमवाताच्या दाहानें व दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडांनीं आधींच क्षीण झालेलें असतें. शिवाय, भार पडेल तसें हाड घडतें, हा नियम जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं मांडला. धातूचा सांधा भाराचा कांहीं वाटा स्वतः उचलतो. म्हणून लगतचें हाड, विशेषतः पहिल्या वर्षीं, विरळ होतें. असें हाड साध्या पडण्यानेंही मोडूं शकतें, आणि सांध्यालगतचा मोड जुळविणें मोठें कठीण असतें.

यास्तव डॉक्टरांस विचारून डेक्सा तपासणीनें हाडांची घनता मोजून घ्यावी. बदललेला खुबा त्या मापांत धरीत नाहींत. कणा व दुसरा खुबा पाहतात. टी-स्कोअर उणे २.५ वा त्याहून खालीं गेल्यास औषधाची गरज बहुधा पडतेच. आमवाताचीं औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. स्टेरॉइड एकाएकीं सोडणें तर जिवावर बेतूं शकतें. आहारांत दूध, तीळ व नाचणी असावी; आपल्या नेहमींच्या बाजरीपेक्षां नाचणींत कॅल्शियम कितीतरी अधिक असतें.

आमच्या भगिनींस एक विनंति आहे. सासूबाई दवाखान्यांतून घरीं आल्या, कीं "आतां तुम्ही स्वस्थ बसा" असें आपण मायेनें म्हणतों. डॉक्टरांनीं चालण्याची मुभा दिल्यावर मात्र ही माया हाडास बाधते. त्यांस सांगितलें असेल तितकें रोज अंगणांत चालवावें, आणि घरांतील कोणी तरी बरोबर असावें. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवावी, भिंतीस धरावयास दांडी बसवावी व रात्रीं वाटेंत दिवा असूं द्यावा. शस्त्रक्रियेसाठीं पैसा उभा करणाऱ्या घरास एवढें करणें जड जाऊं नये.