मुलांच्या हाती गावचे काम

सांगली जिल्ह्यातील कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुस्लिम मिळून उभारतात. बांबूची ती बांधणी जाणत्यांच्या हाताखालीच शिकावी लागते आणि चूक साऱ्या गावाला दिसते. व्यवसाय शिक्षणात नेमकी हीच जबाबदारी आम्हाला हवी आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, गवंडीकाम, वायरिंग, शेती, माती-पाणी तपासणी करतात. सरावाचे तुकडे भंगारात टाकण्याऐवजी ती शाळेचे बाक दुरुस्त करतात, गावकऱ्यांची कामे मोल घेऊन करून देतात. हे मोल घेणे आम्हाला फार मोलाचे वाटते. पैसे मोजणारा माणूस वाकडी चौकट खपवून घेत नाही, आणि खर्चाचा अंदाज मुलांना आधीच मांडावा लागतो.

टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून कडेगाव तालुक्यात पंप, पाइपलाइन, ठिबकची कामे भरपूर आहेत. ती आयटीआयच्या मुलांना मिळायला हवीत. ग्रामपंचायतींनी अंगणवाडीचे दार, शाळेचे वायरिंग येथून सुरुवात करावी. देखरेखीला अनुभवी मिस्त्री नेमावा, मुलांचा विमा उतरवावा आणि मजुरी थेट त्यांच्याच हाती द्यावी.