मोठा फिशटँक : आधी पाणी, मग मासे

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गेल्या काही वर्षांत नवी घरे बरीच उभी राहिली. परदेशातील कष्टाच्या कमाईवर उठलेली घरेही त्यांत पुष्कळ आहेत. घर झाले, फरशी चकाकली, की दिवाणखान्यात चार फुटी फिशटँक हवा ही हौस आता मुंबईपुरती राहिलेली नाही. हौसेला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो ती पुरी करण्याच्या घाईला. सकाळी टाकी आली, दुपारी पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले आणि महिन्याभरात टाकी पोटमाळ्यावर गेली, असा व्यवहार ग्राहकाचे पैसे बुडवतो, मुक्या जिवांचे हाल करतो आणि शेवटी धंद्याचीच पत घालवतो.

हे काम आपल्याच कारागिरांच्या हातचे आहे, म्हणून ते आम्ही या पानावर मांडत आहोत. काच कापणारा, अँगलचा स्टँड वेल्डिंग करणारा, फर्निचरचा सुतार आणि वायरमन, हे चौघे मिळाले की मोठी टाकी गावातच बनते. तयार टाकी मुंबईहून टेम्पोत घालून पावणेदोनशे किलोमीटर आणायची आणि वाटेतल्या धक्क्यांनी सांधा सुटला की कपाळाला हात लावायचा, याची काही गरज नाही.

प्रथम वजनाचा हिशेब पाहावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण अडीचशे लिटर. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून हे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते आणि ते सारे सहा चौरस फुटांवर रात्रंदिवस उभे असते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा टाक्यांशी संबंध नाही. पण बांधकामावरचा भार ही थट्टेची गोष्ट नव्हे, हे या गावाला वेगळे सांगावे लागू नये. टाकी तळमजल्यावर ठेवणे उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायचीच तर भिंतीलगत, खाली बीम असलेल्या जागी ठेवावी, आणि ती जागा ज्याला बांधकामाचे ज्ञान आहे त्याच्याकडून तपासून घ्यावी.

दीड फूट उंचीला १० मिलिमीटर आणि दोन फूट उंचीला १२ मिलिमीटर काच घ्यावी, वरच्या काठाला आडव्या पट्ट्या माराव्यात. सिलिकॉन मत्स्यालयासाठीचेच असावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या काही सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना घातक ठरते. सांधा आठवडाभर वाळू द्यावा, मग अंगणात पाणी भरून दोन दिवस टाकी उभी ठेवावी आणि तेव्हाच ती घरात न्यावी. स्टँड पाणसळीत असावा आणि टाकीखाली थर्माकोलचा ताव घालावा. काच फुटते ती बहुधा एका कोपऱ्यावर जास्त भार आल्याने.

आता फिल्टर. ग्राहक दिव्यावर आणि मागच्या रंगीत चित्रावर पैसे घालतो आणि फिल्टरपाशी हात आखडतो. आमच्या मते खर्चाचा क्रम नेमका उलटा हवा. अडीचशे लिटरच्या टाकीला तासाला हजार ते बाराशे लिटर पाणी फिरवणारा फिल्टर लागतो. तो कॅनिस्टर असो वा टाकीखाली दुसरी टाकी ठेवून केलेला सम्प असो, त्यात स्पंज आणि सच्छिद्र खडे भरपूर असावेत. विजेच्या बिलाची भीती बाळगू नये. २० वॅटचा फिल्टर व ५ वॅटचा एअर पंप चोवीस तास आणि ३० वॅटचा दिवा आठ तास चालला, तर महिन्याला सुमारे पंचवीस युनिट होतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून आपल्या हवेत हीटरपेक्षा एअर पंपाचे मोल अधिक आहे. वीज जाण्याची सवय आपल्याला आहेच. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

फिल्टर बसवला म्हणजे पाणी तयार झाले असे नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. घरात दह्यासाठी विरजण लागते, तसेच हे आहे. जुन्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला तर काम लवकर होते. तोवर थोडे खाद्य टाकत टाकी रिकामीच चालवावी, पाण्याची चाचणी करावी आणि नंतरच मासे सोडावेत, तेही एकदम न सोडता पाच-सहाच्या खेपेने. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवायला पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे औषध वापरावे. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर विरजणच फेकून दिल्यासारखे होईल.

माशांची निवड करताना पिशवीतला आकार पाहू नये, पूर्ण वाढीचा पाहावा. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगॅसियस मीटरभर वाढू शकतो. काच साफ करणारा म्हणून दिला जाणारा सकर दीड फुटांपर्यंत जातो, ऑस्कर फूटभर होतो आणि सोबतचे लहान मासे गिळतो. गोल्डफिश घाण फार करतो, त्याला थंड पाणी मानवते; त्याची टाकी वेगळीच हवी. पहिल्या मोठ्या टाकीला मॉली, प्लॅटी, रोझी बार्ब, झेब्रा डॅनिओ, गुरामी असे वीस-पंचवीस लहान मासे पुरेत. यांतले रोझी बार्ब आणि झेब्रा तर मूळचे आपल्याच देशातले. केरळ-कर्नाटकातील सह्याद्रीचा डेनिसन बार्ब देखणा आहे. परंतु नदीतून बेसुमार पकडल्याने तो धोक्यात आला आहे, तेव्हा शेतात पैदास केलेलाच मागावा. एशियन अरोवाना हा आंतरराष्ट्रीय संरक्षणाच्या पहिल्या सूचीतला मासा आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे अशा जिवांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. ‘शुभ मासा’ म्हणून कोणी कागदांशिवाय देऊ केला, तर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही दूर राहावे.

या निवडीत आपल्या नद्यांचाही संबंध येतो. २००५ साली आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. अशा पुरात तळमजल्यावरच्या टाकीतला मासा थेट नदीत जातो. याशिवाय कंटाळलेले लोक मोठा झालेला सकर नदीत सोडून मोकळे होतात, आणि यात आपण जीवदान दिले असे त्यांना वाटते. दक्षिण अमेरिकेतला हाच सकर २०२० साली वाराणसीजवळ गंगेत सापडला होता. आपल्या महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहात गावकऱ्यांनी श्रद्धेने महसीर मासा पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. परक्या माशाने या पाण्यात घर केले तर नुकसान सगळ्यांचे होईल. म्हणून नको झालेला मासा दुकानदाराने परत घ्यावा, हा विक्रीचा नियमच असावा. आणि ज्यांच्या तळमजल्यात पूर शिरतो, त्यांनी चार फुटी टाकीचा मोह सोडून वरच्या मजल्यावर दोन फुटी टाकी ठेवावी, असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यात विक्री लहान होईल, पण ग्राहक टिकेल.

दुकानदार बंधू म्हणतील, ग्राहक सहा आठवडे थांबत नाही. आपण मासे दिले नाहीत तर तो मुंबईला क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ला गाठतो. हे खरे आहे. विशेषतः महिन्याभराच्या रजेवर आलेला माणूस थांबणार कसा? यावर उपाय आहे. आपल्या दुकानातल्या चालत्या टाकीतला स्पंज त्याच्या फिल्टरमध्ये घालून द्या, पाच-सहा टणक मासे द्या, आणि बाकीचे त्याच्या घरच्यांना महिन्याने पोचवा. सोबत वर्षभराच्या देखभालीचा करार करा. टाकी एकदाच विकली जाते. पाणी बदलणे, फिल्टर साफ करणे, खाद्य पुरवणे हे काम बारा महिने चालते. शिकलेल्या तरुणाला दुचाकीवरून फिरून करता येईल असा हा रोजगार आहे.

ज्यांना पुढे जाऊन पैदास करायची आहे त्यांनी अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरून सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. आज कोणती योजना चालू आहे आणि अटी काय आहेत, ते तिथे विचारून मगच खर्चात उतरावे. मॉली, गप्पी, प्लॅटी हे पिले देणारे मासे अंगणातल्या सिमेंटच्या हौदातही वाढतात, आणि घरातल्या भगिनींना हे काम सांभाळता येण्याजोगे आहे.

माल विकताना त्यातला दोष ग्राहकापासून लपवू नये, हे आपल्या व्यापाऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. नव्या टाकीचे कच्चे पाणी हाही एक दोषच आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. जो दुकानदार तो स्वतःहून सांगेल आणि पहिल्या दिवशी वीस मासे विकण्याचे नाकारेल, त्याच्याकडेच त्या ग्राहकाचा भाऊ, शेजारी आणि व्याही पुढची टाकी घ्यायला येतील.