तीस अँटेना, एक प्रतिमा आणि एक रेल्वेमार्ग

पुणे आणि नाशिक ही शहरे थेट जोडणारा प्रस्तावित रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून नेल्यास खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, अर्थात जीएमआरटीच्या, निरीक्षणांत बाधा येईल, असे कारण देत रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये पर्यायी मार्गाची भूमिका मांडली. जुन्नर, आंबेगाव आणि संगमनेर भागांत त्यावर नाराजी व्यक्त झाली. एका वेधशाळेसाठी लोहमार्ग वळवावा काय, या प्रश्नाचे उत्तर ही दुर्बीण प्रतिमा कशी घडवते, यात दडलेले आहे.

दुर्बिणीचा व्यास जितका मोठा, तितके बारीक तपशील तिला वेगळे ओळखता येतात. रेडिओ लहरींची लांबी मात्र प्रकाशलहरींच्या लाखो पट असते. त्यामुळे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर ४५ मीटर व्यासाच्या एका अँटेनाला चंद्रबिंबाच्या सुमारे निम्म्या आकाराहून लहान तपशील वेगळा दिसत नाही. पंचवीस किलोमीटर व्यासाची तबकडी उभारणे तर अशक्य आहे.

यावर केंब्रिज येथील मार्टिन राइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत अनेक लहान अँटेनांचे संकेत एकत्र जुळवले जातात. या कार्यासाठी राइल यांना १९७४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून साकारलेल्या जीएमआरटीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उर्वरित १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेले आहेत.

एकाच तारकास्रोताची लहर प्रत्येक अँटेनापर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते. हे संकेत प्रकाशतंतूंद्वारे नियंत्रण केंद्रात आणले जातात, काळातील फरक दुरुस्त केला जातो आणि प्रत्येक जोडीचे संकेत परस्परांशी पडताळले जातात. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. जवळची जोडी आकृतीची ढोबळ ठेवण सांगते, तर दूरची जोडी बारीक रेषा. पृथ्वीच्या परिवलनामुळे, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यामुळे, काही तासांत याच जोड्या आकाशाच्या दृष्टीने नव्या दिशांना वळतात आणि माहितीतील रिकाम्या जागा भरत जातात. अखेर गणिती प्रक्रियेतून प्रतिमा उमटते. एकट्या अँटेनाच्या तुलनेत तिची सूक्ष्मता पाचशे पटींहून अधिक असते.

हीच पद्धत खंडोखंडी विस्तारून आठ दुर्बिणींनी २०१७ मध्ये एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे निरीक्षण केले. ती प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाली.

मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. अंतर वाढल्याने सूक्ष्मता वाढते; संकेत गोळा करणारे क्षेत्रफळ वाढत नाही. अवकाशातून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात. प्रत्येक अँटेनाचा स्वतःचा गोंगाट जोड्यांच्या पडताळणीत बहुतांशी गळून पडतो. परंतु जवळच्या विद्युत रेल्वेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांसारखा प्रबळ गोंगाट एकाच वेळी अनेक अँटेनांपर्यंत पोहोचतो आणि मोजमापे दूषित करतो. खोडदची जागा निवडताना परिसरातील रेडिओ शांतता हा एक प्रमुख निकष होता, तो याच कारणाने.

आंतरराष्ट्रीय एसकेए प्रकल्पातील भारताच्या सहभागासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभारणी सुरू असलेल्या या दुर्बिणींसाठी भारताकडे जो अनुभव आहे, तो मुख्यतः खोडद येथे मिळालेला आहे.

तरीही नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला थेट रेल्वे हवी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. अंतर, संरक्षक उपाय आणि पर्यायी मार्ग यांचे तांत्रिक मूल्यमापन स्थानिकांसमोर खुलेपणाने मांडले गेले, तर निर्णय पटण्याची शक्यता वाढेल. लोहमार्ग थोडा वळवता येतो. पंचवीस किलोमीटरांवर पसरलेले तीस अँटेना उचलून नेता येत नाहीत. मात्र त्या वळणाची किंमत कोण मोजणार, याचे उत्तर शासनालाच द्यावे लागेल.