वीस वर्षांचे कर्ज, एका वर्षाची पॉलिसी

लक्ष्मीपूजनाला भाईंदरच्या पेढ्यांवर नव्या वह्या पुजल्या जातील. पावसाचे खाते त्यांत कोणी उघडणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा ‘असा पाऊस पुन्हा कुठला!’ म्हणत आपण मोकळे झालो. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पुन्हा ठप्प झाली. आपले भाईंदर तर खाडी आणि समुद्राच्या बेचक्यात, मिठागरांना खेटून वाढलेले.

इथल्या फ्लॅटवर बँक वीस वर्षांचे कर्ज देते. सोसायटीची पॉलिसी मात्र बहुधा दरवर्षी नव्याने काढली जाते. हप्ता वाढवायचा की जोखीमच नाकारायची, हे विमा कंपनी दर वर्षी ठरवू शकते. कर्जदाराला ती सोय नाही. मे २०२३ मध्ये ‘स्टेट फार्म’ या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी देणे थांबवले, त्यामागे वणव्यांचा धोकाही होता. रिझर्व्ह बँकेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकांनी हवामानाची जोखीम उघड करावी, असा मसुदा काढला. आपल्या सोसायट्यांच्या सभेत विमा येतो तो बहुधा आयत्या वेळच्या विषयांत, चहा आल्यावर. त्यातही ती पॉलिसी इमारतीची. तळमजल्यावरचा भिजलेला फ्रिज ज्याचा त्याने पाहायचा. एप्रिल २०२१ पासून पूर-वादळासह घर आणि घरातले सामान दोन्ही धरणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मिळते. किती घरांत आहे, हे शेजाऱ्याला विचारून पाहा.

पण खरी पंचाईत भाईंदरलगतच्या उत्तनच्या मच्छीमारांची. बोंबील वाळण्यासाठी वलांडीवर टांगलेला असतो, आणि डिसेंबर २०२१ सारखा अवकाळी पाऊस आला की तो सडतो. शेतकऱ्याला निदान पीकविमा आहे. मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूलाही सरकारी विमा आहे, पण भिजलेल्या बोंबलाचा पंचनामा कोण करणार? माल उधारीवर घेतलेला, ती उधारी काही भिजत नाही.

पंचनाम्याशिवाय पैसे देणारा विमा आता देशात आला आहे. ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या सदस्यांना पारा ठरावीक अंशांपलीकडे गेला की भरपाई मिळाली. तसेच पावसाच्या आकड्याला बांधलेले संरक्षण उत्तनच्या सुक्या बोंबलाला का नको? महापालिका, मच्छीमार सोसायट्या आणि विमा कंपन्या यांनी याच मोसमात एकत्र बसावे. बोंबील वाळत घालायचे दिवस तोंडावर आले आहेत.