ओटींतील खारीक आणि गलबतावरील खलाशी

निमगाव केतकी हें गांव पानमळ्यांचें. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी येथें मुक्कामास असते, त्यामुळें आमच्या कित्येक वाचकांनीं तें पाहिलेंही असेल. येथून समुद्र फार दूर. पाण्याचा मोठा विस्तार म्हणून लोकांस ठाऊक तो उजनीचा जलाशय. तरीही येथील विडा समुद्रावांचून पुरा होत नाहीं. पान मळ्यांतलें खरें, परंतु त्यास टोंचावयाची लवंग बहुधा परद्वीपाहून आलेली. आणि सुवासिनीच्या ओटींत घालावयाची खारीक तर पिढ्यान्‌पिढ्या इराणी आखाताच्या बाजूनेंच येत आली.

ह्या वस्तु कोणीं आणिल्या, हा प्रश्न आपल्या घरांतून क्वचितच विचारला गेला. एके काळीं आपल्या समाजांत समुद्रगमन निषिद्ध होतें. विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. मात्र त्याच समुद्रावरून आलेल्या खारकेस कोणी प्रायश्चित्त सांगितलें नाहीं. ती सरळ देवघरांत गेली! माल तेवढा आपला आणि तो आणणारा परका, ही सोय आपण निमूटपणें पतकरली.

ह्या परक्याची ओळख करून देणाऱ्या एका कलाकृतीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मुंबईंतील ‘कॅम्प’ हा कलावंतांचा समूह २००७ सालीं स्थापन झाला. २००९ सालीं त्यानें शारजाच्या खाडींतून सोमालियाकडे जाणाऱ्या गलबतांवरील मालाच्या नोंदी ग्रंथरूपानें मांडिल्या. त्याच ओळखींतून शायना आनंद व अशोक सुकुमारन यांनीं २०१३ सालीं ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा चित्रपट सिद्ध केला. कच्छचें आखात, इराणी आखात आणि एडनचें आखात यांमध्यें ये-जा करणाऱ्या लांकडी गलबतांवरील खलाशी हा त्याचा विषय. त्यांतील पुष्कळशीं दृश्यें खलाशांनीं आपल्याच मोबाइलवर टिपलीं असून गाणींही त्यांच्याच आवडीचीं आहेत.

हीं हलणारीं, अस्पष्ट दृश्यें म्हणजे कला कसली, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, चित्रकारांनीं समुद्र शतकानुशतकें रंगविला, पण त्यांत खलाशी बहुधा ठिपक्याएवढाच राहिला. येथें काय पाहण्याजोगें आहे हें तो स्वतः ठरवितो : माल चढविण्याचे कष्ट, रिकामी दुपार, वाटेंत भेटलेलें ओळखीचें गलबत. दया मागण्याचा सूर त्यांत नाहीं, म्हणूनच तें पाहणाऱ्याच्या मनास अधिक लागतें.

आणि ही गोष्ट कच्छपुरती नाहीं. रत्नागिरीकडील अनेक घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर राबले. आज इंदापूर-बारामतीकडील द्राक्षें न्हावाशेव्याहून परदेशीं जातात, तीं नेणारे हातही आपण पाहिलेले नसतात. २०२० च्या साथींत सुमारें चार लक्ष नाविक, करार संपूनही, जहाजांवर अडकून पडले होते. आपल्या घरीं तेल व धान्य मात्र पोंचतच होतें.

अदृश्य श्रम पाहण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती समुद्राशीं थांबत नाहीं. पंगत उठल्यावर मागें जेवावयास बसणाऱ्या सुनेकडेही मग दृष्टि वळते. पुढील हळदीकुंकवास मुलांनीं खारीक कोठून आली असें विचारलें, तर ‘दुकानांतून’ एवढ्यावर त्यांची बोळवण करूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.